दिलें जाणें आणि मिळणें

इंग्रजी भाषेंतील एक लहानशी रचना मराठी लेखकाच्या भाषाज्ञानाची जशी कसोटी पाहते, तशी मोठमोठीं वाक्येंहि पाहत नाहींत. ‘टु बी गिव्हन ए बुक’, ‘टु बी मेड किंग’, ‘टु बी कॉल्ड ए कॉवर्ड’ हीं तिचीं नेहमींचीं उदाहरणें. आधीं ‘टु बी’, त्यापुढें धातूचें कर्मवाचक रूप, आणि त्याच्यामागून एक नाम, असा तिचा घाट. तिन्ही ठिकाणीं बाह्य आकार एकच. परंतु शेवटल्या नामाचें नातें मात्र एक नाहीं. पुस्तक ज्याला द्यावयाचें तो मुलगा निराळा आणि पुस्तक निराळें; म्हणून तें नाम येथें कर्म होय. उलट, ज्याला राजा करावयाचें तो मनुष्य आणि ‘राजा’ हीं दोन नव्हेत; तेथें नाम हें केवळ पूरक. ‘भित्रा’ हेंहि पूरकच, पण तें दुसऱ्याच्या तोंडून चिकटलेलें. हा भेद न पाहतां तिन्हींवर ‘जाणें’ या क्रियापदाचा एकच शिक्का मारणें, हा आपल्या भाषांतरांतील एक जुनाट दोष आहे.

इंग्रजीला ही रचना साधते याचें कारण उघड आहे. त्या भाषेंतील नामांचे बहुतेक विभक्तिप्रत्यय झडून गेले, आणि शब्दाचें स्थान हेंच त्याचें नातें सांगूं लागलें. म्हणून पुस्तक घेणारा मुलगा तेथें कर्त्याच्या आसनावर सहज जाऊन बसतो. मराठींत त्याच्या अंगावर ‘ला’ हा प्रत्यय असतो, आणि तो प्रत्यय त्याला जागचें हलूं देत नाहीं. ‘मुलाला पुस्तक दिलें गेलें’, ‘मुलाला पोथी दिली गेली’; क्रियापद फिरतें तें पुस्तकाच्या व पोथीच्या मागून, मुलाच्या मागून नव्हे. ‘ही होप्स टु बी गिव्हन ए बुक’ याचें ‘तो पुस्तक दिला जाण्याची आशा करतो’ असें भाषांतर केल्यास पुस्तकाऐवजीं तो मुलगाच कोणाला तरी देऊन टाकल्यासारखा होतो! ‘आपल्याला पुस्तक मिळेल अशी त्याला आशा आहे’ हें साधें मराठी. त्यांत अर्थाची काडीइतकीहि हानि नाहीं.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा या प्रश्नाशीं जुना संबंध आहे. कराडजवळच्या कृष्णाकांठच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’ हें नाटक ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणलें, आणि १८८८ मध्यें वाक्यमीमांसेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भाषांतर करणाऱ्यानेंच पुढें वाक्याच्या पृथक्करणाकडे वळावें, हा क्रम मोठा अर्थपूर्ण वाटतो. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, सांगलीशेजारच्या हरिपूर येथें १८५५ सालीं जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९० मध्यें ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. एकानें वाक्य उकलून पाहिलें. दुसऱ्यानें तें नटाच्या जिभेवर घोळवून पाहिलें. ‘दिला जाण्याची आशा’ या शब्दप्रयोगाला या दोहोंपैकीं कोणत्याच परीक्षेंत उत्तीर्ण होतां येणार नाहीं.

याच मुलखांतलीं आणखी कांहीं उदाहरणें घेऊं. १९४९ सालीं दक्षिण सातारा नांवाचा जिल्हा झाला व १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. येथें इंग्रज ‘टु बी नेम्ड सांगली’ म्हणेल. सांगलींत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांना ‘ययाति’साठीं १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ते ‘पुरस्कार दिले गेले’ असें कोणी म्हणत नाहीं. शाहूमहाराजांना १७०८ मध्यें साताऱ्यास राज्याभिषेक झाला. देवराष्ट्रे येथें जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६० मध्यें महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. मिळणें, होणें, निवडून येणें, म्हणवून घेणें, मार खाणें, अशीं किती तरी क्रियापदें मराठीनें या एका इंग्रजी सांच्यासमोर उभीं केलीं आहेत! त्यांतहि पुन्हा छटा आहेत. ‘भित्रा म्हणवून घेणें’ यांत अपमान सोसणें आहे, तर ‘स्वतःला पंडित म्हणवून घेणें’ यांत मिरवणें आहे. इंग्रजी सांचा या दोन्हींविषयीं मुका आहे.

यावरून कर्मवाचक रचना मराठीला परकी आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो खरा नव्हे. जुन्या मराठींत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशीं रूपें सर्रास होतीं. आपण दिवसांतून शंभरदां उच्चारतों तो ‘म्हणजे’ शब्द त्याच कुळांतला. आणि ‘मला पुस्तक पाहिजे’ यांतील ‘पाहिजे’ हेंहि मुळांत कर्मवाचक रूपच. मागणारा ‘ला’ लावून बाजूस उभा, आणि पुस्तक प्रथमेंत. ही मांडणी आपली स्वतःची आहे. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या प्रकाराला मात्र आमच्या व्याकरणांत नवीन कर्मणि म्हणतात, व त्याचा प्रसार इंग्रजीच्या वळणानें झाला असें मानतात.

तथापि या नव्या प्रयोगाला सरसकट हद्दपार करावें, असें म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांशीं आमचें जमणार नाहीं. ‘मिळणें’ हें क्रियापद गोड खरें, पण तें देणाऱ्याला झांकतें. आणि ‘न मिळणें’ हें नाकारणाऱ्यालाहि झांकतें. माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांतल्या शेतकऱ्याला पाणी मिळालें नाहीं, हें वाक्य आभाळाकडे बोट दाखवितें. परंतु ज्या गांवीं पाणवठ्यावर अस्पृश्य म्हणून माणसांना अडविलें जाई, तेथें ‘त्यांना पाणी मिळालें नाहीं’ असें लिहिणें म्हणजे माणसाचा अपराध आभाळाच्या माथीं मारणें होय. तेथें ‘पाणी नाकारलें गेलें’ असेंच लिहिलें पाहिजे, आणि नाकारणारा ठाऊक असेल तर त्याला कर्त्याच्या जागीं आणून ‘गांवानें पाणी नाकारलें’ असें लिहिणें त्याहून बरें. सुधारणेचा कैवार घेणाऱ्या आगरकरांच्या वाचकाला हा फरक केवळ व्याकरणाचा वाटूं नये.

कचेऱ्यांतील व वृत्तपत्रांतील ‘करण्यात आलें’, ‘सांगण्यात आलें’ या भाषेची परीक्षाहि याच न्यायानें व्हावी. लाठीमार कोणीं केला, झाडें कोणीं तोडलीं, हें जेथें ठाऊक आहे, तेथें कर्त्याला पडद्याआड ठेवणारी रचना निर्दोष असली तरी निष्पाप नसते.

महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतूनहि पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवितात. दोन भाषांचीं वळणें मुलाच्या मनांत इतक्या लवकर शेजारीं येऊन बसल्यावर ‘पॅसिव्ह म्हणजे कर्मणि’ एवढ्या सूत्रानें भागणार नाहीं. कारण ‘रामानें आंबा खाल्ला’ हा आमचा कर्मणि प्रयोग इंग्रजी दृष्टीनें मुळींच पॅसिव्ह नव्हे. शिक्षकानें मुलाला तीन प्रश्न विचारण्याची संवय लावावी: मागून आलेलें नाम आणि ज्याच्याविषयीं बोलणें चाललें आहे तो, हे एकच कीं दोन? मराठींत ‘ला’ कोणाला लागेल? आणि कर्ता सांगावयाचा कीं नाहीं? पहिल्या दोहोंचीं उत्तरें व्याकरण देईल. तिसऱ्याचें उत्तर मात्र लिहिणाऱ्याला स्वतः द्यावें लागतें, आणि त्याची जबाबदारीहि त्याच्यावरच राहते.