मोटारींच्या शर्यतींची बखर

मोटारींच्या शर्यतींवरील ग्रंथ हे वाङ्मयसमीक्षेचें क्षेत्र नव्हे, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. यंत्रांच्या शक्तीचे आंकडे, विजेत्यांचीं नांवें आणि धुळीनें माखलेल्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें यांपलीकडे अशा पुस्तकांत असावयाचें काय? आमचाही समज बरींच वर्षें असाच होता. तो पालटला आल्फ्रेड न्यूबाउअर याच्या आठवणींमुळें. आणि पुढें त्याच पुस्तकानें आमची फजितीही केली.

न्यूबाउअर (१८९१–१९८०) हा मर्सेडिज-बेंझ कंपनीच्या शर्यत-पथकाचा व्यवस्थापक. तरुणपणीं तो स्वतः शर्यतींत मोटार हांकीत असे. परंतु त्याचें खरें कर्तृत्व रस्त्याच्या कडेला उभें राहून झालें. भरधांव चाललेल्या चालकास आपण कितव्या स्थानीं आहों हें कळावें, म्हणून निशाणें व फलक यांच्या खुणांची पद्धत त्यानें बसविली. १९५५ सालीं ल मां येथें ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं त्या दिवशीं पथक त्याच्याच हातीं होतें. त्याचें जर्मन पुस्तक १९५८ सालीं निघालें. ‘स्पीड वॉज माय लाइफ’ हें त्याचें इंग्रजी भाषांतर. गोष्ट सांगण्याची न्यूबाउअरची हातोटी विलक्षण आहे. हरदास जसें आख्यान रंगवितो, तशी तो एकेक शर्यत रंगवितो.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध आख्यान असें. १९३४ पासून नवा नियम झाला, कीं चालक, इंधन, तेल, पाणी व टायर वगळून गाडीचें वजन ७५० किलोंहून अधिक असूं नये. जूनच्या आरंभीं न्यूर्बुर्गरिंगवर आयफेलची शर्यत होती. आदल्या दिवशीं गाडी तोलली, तों ती ७५१ किलो भरली! आतां एक किलो काढावयाचा कोठून? जर्मनीच्या गाड्यांचा राष्ट्रीय रंग पांढरा. कारागिरांनीं रात्रभर खपून तो सारा रंग खरवडून काढला. खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा उघडा पडला, सकाळीं वजन बरोबर भरलें, फोन ब्राउखिच यानें शर्यत जिंकली, आणि ‘रुपेरी बाण’ हें नांव जगास मिळालें.

ही कथा आम्हीं पंगतींत बसून कितीदां सांगितली असेल याची गणती नाहीं. ऐकणारांपैकीं कोणीही कधीं शंका काढली नाहीं. आम्हींही काढली नाहीं. पुढें संशोधकांचें लेखन वाचनांत आलें, तेव्हां कळलें कीं आयफेलची त्या सालची शर्यत मुळीं मुक्त नियमांची होती. तींत ७५० किलोंची मर्यादा लागूच नव्हती. ऑटो युनियनच्या गाड्या तर त्याच वर्षीं प्रथमपासून रुपेरी होत्या. खुद्द ब्राउखिचनें १९३२ सालीं बर्लिनजवळ आव्हुसवर जी शर्यत जिंकली, ती बिनरंगाच्या पत्र्याची गाडी हांकून. मग रात्रभर खरवडलें काय?

त्रिपोली येथील १९३३ सालच्या शर्यतीची हकीकतही याच मासल्याची. शर्यतीवर लॉटरी लावलेली होती, आणि चालकांनीं संगनमत करून निकाल आधींच ठरविला, असें न्यूबाउअर रसभरितपणें सांगतो. मर्सेडिजच्या गाड्या त्या वर्षीं तेथें धांवल्याच नव्हत्या. पुढील लेखकांनीं मात्र तें प्रकरण जसेंच्या तसें उचललें, आणि एकाचें पाहून दुसऱ्यानें लिहिल्यामुळें त्यास इतिहासाची प्रतिष्ठा आली.

हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. १८९८ सालीं राजवाड्यांनीं आपल्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांशीं ताडून पाहतांना त्यांस जें आढळलें, तेंच येथें आहे. फरक एवढाच, कीं आपले बखरकार बहुधा मागाहून लिहीत; हा बखरकार रणांगणावर स्वतः उभा होता.

पत्रांच्या बाजूचे ग्रंथही या विषयांत आहेत. जेराल्ड रोज याचा १९०९ चा ग्रंथ १८९४ ते १९०८ पर्यंतच्या शर्यतींची नोंदवही होय. तो निष्ठेनें रुक्ष आहे. लॉरेन्स पॉमरॉय याचा ‘द ग्रां प्री कार’ (१९४९) अधिक मोलाचा. पिस्टनचा वेग, सिलिंडरांतील दाब, गाडीला होणारा वाऱ्याचा अडथळा अशा मापांनीं तो एका काळाची गाडी दुसऱ्या काळच्या गाडीशीं ताडून पाहतो. जोडीस क्रेसवेलचीं सुबक रेखाचित्रें आहेत. पण पॉमरॉय वाचतांना गाडी दिसते, माणूस दिसत नाहीं. म्हणून सामान्य वाचक पुन्हा न्यूबाउअरकडेच वळतो, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

रंगाच्या त्या गोष्टीवर आमचा खरा आक्षेप ती खोटी आहे एवढाच नाहीं. गाड्या रुपेरी कशा झाल्या याचें इतकें गोड उत्तर मिळाल्यावर, त्या झाल्या कोणाच्या पैशानें, हें विचारावयाचें राहून जातें. फेब्रुवारी १९३३ मध्यें बर्लिनच्या मोटार-प्रदर्शनांत हिटलरनें शर्यतींस पाठिंबा जाहीर केला, आणि पुढें मर्सेडिज व ऑटो युनियन या दोघांसही सरकारी द्रव्य मिळालें. एबरहार्ड रॉइस याच्या २००६ सालच्या जर्मन ग्रंथांत या राजाश्रयाची झडती आहे. एक किलो रंगापेक्षां तो मजकूर पुष्कळ जड आहे, आणि पंगतींत सांगावयास अगदींच बेचव.

तरी न्यूबाउअरचें पुस्तक आम्हीं टाकून दिलेलें नाहीं. १९३३ सालीं मोनॅको येथें मांडीचें हाड मोडून घेतलेल्या काराचिओलाकडे तो त्याच वर्षीं नोव्हेंबरांत गेला, पुढील वर्षाच्या कराराचें बोलणें घेऊन. गाडी हांकतां येईल, असें तो जायबंदी चालक त्यास पटवूं पाहत होता. तेथें न्यूबाउअरची नजर त्या पायावर आहे, आणि ती शर्यतीचा धंदा करणाऱ्या माणसाची नजर आहे. याच काराचिओलानें पुढें १९३५ चें युरोपचें अजिंक्यपद मिळविलें. तीं पानें आम्ही अजून काढून वाचतों. पुस्तक पॉमरॉयच्या शेजारींच ठेविलें आहे. ७५१ या आंकड्यासमोर समासांत पेन्सिलीची एक फुली मात्र आहे.