‘ओळखा पाहू’ आणि चुकण्याची मुभा

जुलै महिना. युरोपातली कुठलीशी बाग. हिरवळीवर साळुंकीपेक्षा किंचित लहान पक्षी, अंगभर मातकट तपकिरी, गळा जरासा फिकट. फोटोखाली एकच प्रश्न: ओळखा पाहू?

उत्तरं येऊ लागतात. ब्लॅकबर्डची मादी. नाही, थ्रश. कुणीतरी छाती पुढे काढून एखाद्या दुर्मीळ पाहुण्याचं नाव घेतं. मग कुणी जाणता सांगतो: चोच बघा, सरळ आणि टोकदार आहे. शेपूट बघा, आखूड आहे. हे स्टार्लिंगचं यंदाचं पिल्लू. युरोपातल्या गावोगावी, छपराछपरावर दिसणारा, आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी. सगळ्यांच्या रोजच्या बघण्यातला, आणि तोच ओळखता आला नाही. सगळे हसतात. पुढचा फोटो येतो.

हा खेळ वेळ घालवायचा म्हणून खेळला जातो, पण मला तो वाचनाचा एक प्रकार वाटतो. म्हणून एखाद्या कवितासंग्रहाची करावी तशी त्याचीही समीक्षा करायला हरकत नाही.

एके काळी ‘हा कोणता पक्षी’ या प्रश्नाचं उत्तर बंदुकीच्या नळीतून येई. सालिम अलींची गोष्ट आपल्याला ठाऊक असते: लहानपणी मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी, ती ओळखून घ्यायला मुंबईच्या बीएनएचएसमध्ये जाणं, आणि तिथे भेटलेले मिलार्डसाहेब. प्रश्न विचारायचा तर पक्षी हातात, म्हणजे मेलेला, हवा. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसनने आपलं मार्गदर्शक पुस्तक काढलं. चित्रातल्या नेमक्या खुणेकडे बोट दाखवणारे छोटे बाण ही त्याची ओळख बनली. १९५४ मध्ये माउंटफर्ट आणि हॉलम यांच्यासोबत त्याने युरोपच्या पक्ष्यांचं पुस्तक केलं. दुर्बीण आणि पुस्तक हाती आलं, की जिवंत पक्षी दुरून वाचता येऊ लागला.

पण पुस्तकातलं चित्र सरासरीचं असतं. स्वेन्सन, मुलार्नी आणि झेटरस्ट्रॉम यांच्या ‘कॉलिन्स बर्ड गाइड’मधली चित्रं कितीही देखणी असली, तरी त्यातला बझर्ड म्हणजे शेकडो बझर्ड बघून काढलेला अर्क आहे. फोटोत मात्र एकच बझर्ड असतो, एकाच क्षणीचा, पाठीमागून ऊन आलेला, अर्धा फांदीआड. सरासरी आणि हा एकटा जीव यांच्यातल्या फटीत हा खेळ उभा आहे. त्याची खरी गंमत तिथेच आहे.

बझर्ड जवळजवळ पांढऱ्यापासून गडद तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेत सापडतो. नवशिका रंग बघतो आणि फसतो, कारण त्याच्यासारखाच दिसणारा हनी-बझर्डही तितकाच बहुरंगी असतो. मुरलेला माणूस ठेवण बघतो: डोकं कोकिळेसारखं लहान आणि पुढे आलेलं आहे का, शेपूट लांब आहे का, तिच्यावरच्या पट्ट्यांमधलं अंतर कसं आहे. कवितेतही शब्दांच्या झगमगाटाने दिपणारा वाचक पुढे कधीतरी बांधणी बघायला शिकतो. हा खेळ तेच शिकवतो, आणि शिकवल्याचा आव न आणता.

आता दोष. फोटो मुका असतो. चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन इवलेसे, हिरवट-पिवळट वटवटे एकमेकांसमोर ठेवले तर जुळे वाटतात. गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याने अठराव्या शतकातच असे दिसायला सारखे पक्षी गाण्यावरून वेगळे काढले होते. एक आपलंच नाव दोन सुरांत ठोकत बसतो, दुसऱ्याचं गाणं उतरत उतरत विरून जातं. कानाला हे क्षणात कळतं. फोटोत मात्र पायांचा रंग आणि मिटलेल्या पंखाचं टोक किती लांब आलंय हे शोधत बसावं लागतं, आणि पाय गवतात असले तर संपलंच. अशा वेळी प्रामाणिक उत्तर ‘या फोटोवरून सांगता येत नाही’ हेच असतं. खेळाची मांडणी मात्र प्रत्येक फोटोला एक उत्तर असणारच असं गृहीत धरते. मला चांगला खेळ तो वाटतो, ज्यात ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यालाही गुण मिळतो.

दुसरा दोष दुर्मिळाच्या हव्यासाचा. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज परिसरातून १८९२ ते १९३० या काळात दुर्मीळ पक्ष्यांच्या इतक्या नोंदी आल्या, की पुढे त्यांवर संशय बळावला. अखेर १९६२ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकातल्या छाननीनंतर त्या नोंदी बाद ठरल्या. ओळख हा शेवटी विश्वासाचा व्यवहार आहे, हे त्यातून दिसलं.

हा विश्वास किती महागाचा असतो ते विलो टिट सांगतो. काळी टोपी घातलेला हा चिमुकला पक्षी मार्श टिटशी इतका मिळताजुळता, की ब्रिटनमध्ये तो वेगळा आहे हेच १८९७ पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तेही कळलं ते संग्रहालयातली कातडी तपासताना. टोपी चकचकीत की मळकट, हा पुस्तकांतला जुना निकष पुढे भरवशाचा ठरला नाही. वरच्या चोचीच्या मुळाशी असलेला फिकट ठिपका, ही मार्श टिटची खूण, त्याहून कामाची निघाली. आज ब्रिटनमधले विलो टिट १९७० च्या तुलनेत ९० टक्क्यांहून जास्त घटले आहेत. दोघांना एकच समजत राहिलो असतो, तर एक जातोय हे कळलंही नसतं. चोचीवरचा एक ठिपका बघता येणं म्हणजे नेमकं कोण नाहीसं होतंय ते सांगता येणं.

मग ॲप आहेच की, असं तुम्ही म्हणाल. कॉर्नेलच्या ‘मर्लिन’ला फोटो द्या, ते नाव सुचवेल. आवाजही ऐकेल. माझं त्याच्याशी भांडण नाही, मीही ते वापरते. पण ॲप नाव देतं, ते नाव का हे आपल्याशी वाद घालून पटवत नाही. खेळातला माणूस म्हणतो, ‘चोच बघा’. त्या दोन शब्दांनी आपली नजर फोटोत परत जाते. आणि एक गोष्ट ॲपसमोर घडतच नाही: चारचौघांत चुकणं. आपल्या शाळेत चुकीच्या उत्तराला छडी होती, आता स्क्रीनशॉट आहे. इथे मात्र थ्रश म्हणणाऱ्याला कुणी मूर्ख ठरवत नाही. उलट तो थ्रश का म्हणाला, यातूनच स्टार्लिंगची चोच सगळ्यांना दिसते. चुकीचं उत्तर हा इथे खेळाचा कच्चा माल आहे.

उन्हाळा सरत येतो तशी ती पिल्लं पिसं बदलू लागतात. अंग काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि डोकं मात्र अजून जुनंच, तपकिरी. जणू दोन पक्षी मध्ये जोडलेत. तसा फोटो आला, की नवे लोक पुन्हा चक्रावतात. जुलैत थ्रश म्हणून चुकलेला माणूस या वेळी लिहितो: घाई करू नका, आधी चोच बघा.