पुस्तकांवर रागावलेली वाचक

साओ इचिकावा यांची ‘हंचबॅक’ ही कादंबरी जेमतेम शंभर पानांची आहे. तिची नायिका शाका इझावा दूरशिक्षणातून विद्यापीठाचा अभ्यास करते आणि त्यासाठी तिला जाडजूड पुस्तकं वाचावी लागतात. तीन-चार सेंटिमीटर जाडीचं पुस्तक दोन्ही हातांनी उघडं दाबून धरायचं आणि त्यात बुडून जायचं, याच्याइतका ताण तिच्या कण्यावर दुसरं काहीच आणत नाही. तो कणा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वळलेला आहे आणि त्या वळणाखाली तिचं उजवं फुप्फुस चेपलेलं आहे. इथपर्यंत निवेदन एखाद्या वैद्यकीय नोंदीसारखं चाललेलं असतं. आणि मग शाका सांगून टाकते की तिला छापील पुस्तकांचा तिरस्कार आहे. डोळ्यांना दिसायला हवं, पुस्तक हातात धरता यायला हवं, पानं उलटता यायला हवीत, वाचताना बसायची ठेवण टिकायला हवी आणि मनात येईल तेव्हा दुकानात जाऊन पुस्तक विकत घेता यायला हवं. या पाच गोष्टी गृहीत धरूनच आपली सगळी वाचनसंस्कृती उभी आहे, आणि पुस्तकप्रेमी म्हणवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही, हा तिचा आरोप आहे.

पॉली बार्टन यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातून मी हा उतारा वाचला तेव्हा पुस्तक माझ्या दोन्ही हातांत होतं. डावा अंगठा शिवणीपाशी, उजवा पानाच्या कडेवर. वाचता वाचता त्या अंगठ्यांची जाणीव झाली, मग मनगटांची, मग खुर्चीला टेकलेल्या पाठीची. वाचताना आपण शरीर विसरतो, आणि ते विसरता येणं हेच वाचनाचं सुख आहे असं आपण मानत आलो. इचिकावा ते विसरणंच काढून घेतात. चांगली कादंबरी वाचकाला दुसऱ्याच्या मनात नेते असं म्हणतात. ही कादंबरी आधी वाचकाला स्वतःच्या पाठीत, मानेत, बोटांत आणून सोडते. त्यानंतर शाकाचं दुखणं समजून घ्यायला वेगळी कल्पनाशक्ती लागत नाही.

हा परिणाम कसा साधतो ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. शाका विशेषणं जवळपास वापरत नाही. ती मोजमापं देते. पुस्तकाची जाडी, पलंगाची बाजू, कफ साचल्यावर घशातल्या छिद्रातून नळी घालून तो ओढून काढायची क्रिया, व्हेंटिलेटर कधी लावायचा आणि बोलायचं असेल तर तेव्हा काय करायचं, सगळं जिथल्या तिथे आणि नेमकं. राग या मोजमापांच्या मधल्या फटींतून येतो. मराठीत रागाचं गद्य म्हटलं की आपल्याला आवाज चढलेलं गद्य आठवतं. इथे आवाज चढत नाही. श्वास पुरत नसलेल्या माणसाला आवाज चढवणं परवडत नाही, आणि लेखिकेनं ही अडचण शैलीत मुरवून घेतली आहे. लांबलचक वाक्यं ती तेव्हाच लिहिते जेव्हा शाका पडद्यावर टाइप करत असते. बोलताना मात्र तिची वाक्यं तुटक होतात. बोलणाऱ्या शाकाचं आणि लिहिणाऱ्या शाकाचं हे अंतर मला या कादंबरीचं सर्वांत मोठं कलात्मक यश वाटतं.

इचिकावा यांचा जन्म 1979 चा. त्यांना जन्मतःच स्नायूंचा आजार आहे, मायोपॅथी. व्हेंटिलेटर आणि विजेवर चालणारी चाकाची खुर्ची हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं सामान. नायिकेलाही त्यांनी हाच आजार दिला. वयाच्या विशीपासून त्या कादंबऱ्या लिहीत होत्या आणि स्पर्धांना पाठवत होत्या. त्या कथा बहुतेक अद्भुतरम्य आणि तरुण वाचकांसाठीच्या हलक्याफुलक्या प्रकारच्या असत. वीसेक वर्षं हे चाललं. पुढे वासेदा विद्यापीठात दूरशिक्षणानं पदवी घेताना, साहित्यात अपंग माणसं कशी दाखवली जातात या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्या अभ्यासाच्या काळातच ‘हंचबॅक’ आकाराला आली. ‘बुन्गाकुकाई’ मासिकाचं नवलेखक पारितोषिक तिला मिळालं आणि जुलै 2023 मध्ये 169 वं अकुतागावा पारितोषिकही. हे पारितोषिक 1935 पासून दिलं जातं. पत्रकार परिषदेत त्यांनी म्हटलं की इतकं तीव्र अपंगत्व असलेल्या लेखकाला ते मिळण्याची ही पहिली वेळ म्हणून सगळे लिहितील, पण 2023 उजाडेपर्यंत ही पहिली वेळ का आली नाही, याचाही विचार व्हावा.

वीस वर्षं नाकारल्या गेलेल्या त्या अद्भुतरम्य कथा वाया गेल्या असं मला वाटत नाही. ‘हंचबॅक’ची सुरुवात पाहा. कादंबरी उघडते ती संगणकाच्या संकेतखुणांनी, एचटीएमएलनं. त्या खुणांमध्ये टोकियोतल्या एका लैंगिक मौजेच्या क्लबचा वृत्तांत आहे, एका पुरुषानं प्रत्यक्ष जाऊन लिहिल्यासारखा, चटपटीत आणि चविष्ट. काही पानांनी कळतं की तो लिहिणारी बाई त्या क्लबात कधी गेलेली नाही. आईवडिलांनी मागे ठेवलेल्या निवासगृहातल्या आपल्या खोलीत पडून तिनं तो लिहिला आहे. जपानीत घरबसल्या रचलेल्या अशा लेखांना ‘कोतात्सु लेख’ म्हणतात. कोतात्सु म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेलं बैठं टेबल, म्हणजे हिवाळ्यात जिथून उठवत नाही ती जागा. शाकाला पैशांची ददात नाही, लेखांचं मानधन ती दान करून टाकते. मग ती लिहिते कशासाठी? जिथे तिचं शरीर पोचणार नाही तिथलं सगळं तिनं वाचूनच जमवलेलं आहे आणि वाचून जमवलेल्याचं खरं वाटेल असं गद्य करणं तिला जमतं. कादंबरीकाराचं कामही यापेक्षा निराळं नसतं. अश्लील मजकूर पाडणारी ही बाई जातिवंत लेखिका आहे, हे कादंबरी पहिल्याच पानांत सिद्ध करते आणि त्याचा गाजावाजा करत नाही.

आपल्याकडच्या रसविचारानं या पुस्तकाकडे पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. अपंग नायिका, एकाकी खोली, घशातली नळी, एवढी सामग्री मिळाली की वाचक करुण रसाची वाट पाहू लागतो. इचिकावा तो येऊ देत नाहीत. त्यांच्याकडे रौद्र आहे, बीभत्स आहे आणि या दोहोंच्या पाठोपाठ हास्यही येतं. कफ, लाळ, शरीराचे वास, वासना, पैसा, सगळं शाका मोकळेपणानं सांगते आणि तिचा विनोद इतका धारदार आहे की कीव करायला वाचकाला सवडच मिळत नाही. करुण रस वाचकाला नेहमी वरच्या पायरीवर उभं करतो, दया करणाऱ्याच्या. इथे पायऱ्याच नाहीत. शाका श्रीमंत आहे, विद्वान आहे, कधीकधी क्रूरही आहे.

तिची क्रूरता दिसते ती तानाका या काळजीवाहकाशी वागताना. शाका एका खात्यावरून समाजमाध्यमावर मनातलं काहीबाही लिहीत असते. इतर बायकांसारखं आपणही गरोदर व्हावं आणि गर्भपात करून घ्यावा, ही तिची इच्छाही तिनं तिथे लिहिली आहे. कमी पगारात राबणाऱ्या, स्वतःला दुबळ्यांत मोजणाऱ्या तानाकाला ते खातं सापडतं. मग त्या इच्छेपायी शाका त्याच्यापुढे करार ठेवते. रक्कम पंधरा कोटी पन्नास लाख येन. हा आकडा आला कुठून? त्याची उंची 155 सेंटिमीटर आहे, म्हणून. हा तपशील मी पुन्हा पुन्हा वाचला. जिचं शरीर आयुष्यभर इतरांनी मोजलं, अंशात, लिटरात, टक्क्यांत, ती पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचं शरीर मोजते आणि त्याची किंमत ठरवते. दोघांच्याही मनात एकमेकांबद्दल तुच्छता आहे आणि दोघेही व्यवहारात दुबळे आहेत, एक पैशानं, एक श्वासानं. पुढे जे घडतं त्याची किंमत शाकाचं फुप्फुस चुकवतं. श्वसनमार्गात द्रव जाऊन तिला न्यूमोनिया होतो. प्रेमकथा व्हायची शक्यता लेखिकेनं कुठेही ठेवलेली नाही, आणि हा संयम फार थोड्या लेखकांना साधतो.

गर्भपाताच्या त्या इच्छेनं बरेच वाचक दचकतात. जपानचा इतिहास ठाऊक असेल तर त्या इच्छेचा दुसरा चेहरा दिसतो. 1948 ते 1996 या काळात तिथे सुप्रजनन संरक्षण कायदा होता. त्याखाली सुमारे पंचवीस हजार लोकांची नसबंदी झाली, त्यांपैकी सुमारे साडेसोळा हजारांची संमती न घेता. जुलै 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा घटनाविरोधी ठरवला. सत्तरच्या दशकात गर्भपाताचा हक्क मागणाऱ्या स्त्रिया आणि ‘आमच्यासारख्यांना गर्भातच मारू नका’ म्हणणारे अपंग कार्यकर्ते समोरासमोर उभे राहिले होते. शाका या दोन्ही बाजूंच्या मधोमध उभी आहे, बाई म्हणून आणि अपंग म्हणूनही. आमच्यासारख्यांचे गर्भ पाडण्याचा विचार जगाला चालत असेल तर गर्भ पाडण्यासाठी गरोदर राहू पाहणारी एखादी अपंग बाईही चालायला हवी, तेव्हाच हिशोब बरोबरीचा होईल, असं तिचं तर्कशास्त्र आहे. ते पटवून घ्यायची गरज नाही. पण ते कुठून आलं हे कळल्यावर त्याला विकृती म्हणून बाजूला सारता येत नाही.

याच संदर्भात शाका 1974 ची एक घटना आठवते. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘मोना लिसा’ आली होती. गर्दी आवरण्यासाठी ज्यांना सोबतीची मदत लागते अशांना प्रदर्शनापासून दूर ठेवलं गेलं. त्याच्या निषेधात योनेझु तोमोको या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या, स्वतः पायानं अधू असलेल्या तरुणीनं चित्राच्या दिशेनं लाल रंग फवारला. चित्राला काही झालं नाही. शाकाला ही बाई जवळची वाटते. इथे कादंबरीचे दोन धागे एकत्र येतात. चित्राचा द्वेष करणारा माणूस चित्र पाहायला मिळालं नाही म्हणून रंग फवारणार नाही. ज्याला ते पाहायचं आहे तोच फवारेल. छापील पुस्तकांवरचा शाकाचा रागही त्याच जातीचा. तिच्याइतकं भुकेलेपणानं वाचणारं पात्र मला अलीकडच्या कादंबऱ्यांत भेटलेलं नाही. कणा मोडेल हे ठाऊक असून ती ते जाड पुस्तक उघडतेच.

हा राग मराठी वाचकालाही लागू पडतो, आणि तो मला टाळायचा नाही. कोऱ्या पुस्तकाचा वास, दिवाळी अंकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसणं, रद्दीच्या दुकानात सापडलेली जुनी आवृत्ती, या आनंदांवर आपण किती प्रेमानं लिहितो. ते प्रेम खरं आहे, माझंही आहे. पण छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी झालेला 2013 चा माराकेश करार सर्वांत आधी, 2014 मध्ये, भारतानं स्वीकारला हे आपल्यातल्या कितींना ठाऊक असतं? आपला प्रताधिकार कायदा तर त्याआधी, 2012 मध्येच, सुधारला गेला होता. कायदा वाटेत आडवा येत नाही. आडव्या येतात साध्या गोष्टी. कितीतरी मराठी पुस्तकं वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या फॉन्टांत जुळवली गेली. अशी फाइल वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला दिली तर अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा ऐकू येतात. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमध्ये तर तेवढंही मिळत नाही. मजकूर असतो, प्रकाशकाच्या संगणकात असतो, तरी वाचकापर्यंत पोचत नाही. जपानमध्ये 2019 ला वाचनातले अडथळे दूर करण्याचा कायदा झाला होता, पण लेखकांच्या जगात त्यावर बोलणं वाढलं ते ‘हंचबॅक’नंतर. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या पेन क्लबनं आणि लेखकांच्या आणखी दोन संघटनांनी मिळून या कायद्याच्या बाजूनं निवेदन काढलं. कादंबरीमुळे संस्था हलल्याचं असं उदाहरण विरळाच.

शेवटाकडे वळतो, कारण मतभेद होतात ते तिथेच. बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकातला एक उतारा येतो आणि मग अचानक निवेदनाचा आवाज बदलतो. आता बोलते ती एक तरुण विद्यार्थिनी. ती शरीरविक्रय करते आणि गिऱ्हाइकाला आपल्या भावाची गोष्ट सांगते. एका निवासगृहातल्या अपंग बाईला पैशासाठी मारल्याबद्दल तो तुरुंगात आहे. आतापर्यंत वाचलेलं सगळं या मुलीनं रचलं, की ही मुलगी शाकानं रचली? कादंबरी ते सांगत नाही. काही समीक्षकांना हा चमत्कृतीचा हव्यास वाटला. मला तसं वाटत नाही. पहिल्या पानावर शाकानं एका धडधाकट पुरुषाच्या तोंडून लिहिलं होतं. शेवटच्या पानांत ती, किंवा तिच्यामागची लेखिका, एका धडधाकट मुलीच्या तोंडून लिहिते आणि त्या मुलीच्या गोष्टीत स्वतःचा खून करवून घेते. अपंग लेखकानं फक्त स्वतःविषयी आणि फक्त खरं लिहावं, अशी एक अपेक्षा वाचकाच्या मनात दबा धरून असते. आत्मकथा म्हणून वाचत आलेल्या आपल्याला ही पानं त्या अपेक्षेसकट उताणं पाडतात. वीस वर्षं अद्भुतरम्य कथा रचणाऱ्या लेखिकेनं आपला हक्क इथे वसूल केला आहे, साफ खोटं लिहिण्याचा.