'और इन्सान मर गया'चे लेखक रामानंद सागर

रामानंद सागर यांच्याविषयी आपल्या समाजात दोनच वाक्ये ऐकू येतात: 'रामायण' मालिकेने देशाची हवा बदलली आणि 'अलिफ लैला' मुलांना फार आवडायची. या दोन वाक्यांत उर्दूचा एक कादंबरीकार हरवतो. त्याला वगळून या कारकिर्दीचा हिशेब मांडणे आम्हाला अपुरे वाटते.

१९१७ साली लाहोरजवळ जन्मलेल्या सागरांनी फाळणीच्या पाठोपाठ, १९४८ मध्ये, 'और इन्सान मर गया' लिहिली. ख्वाजा अहमद अब्बास यांची प्रस्तावना तिला होती. कादंबरीत मारणारे आणि मरणारे दोन्हीकडचे आहेत. मंटोचा कोरडेपणा तिच्यात नाही, शोकाचा सूर जरा चढाच राहतो. पण माणसावरचा विश्वास उडाल्याची वेदना अस्सल आहे.

त्यानंतर सिनेमा. 'बरसात'ची (१९४९) कथा-पटकथा सागरांची. 'पैगाम'च्या (१९५९) संवादांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, आणि ते योग्यच होते. गिरणीतला कामगार-मालक झगडा त्यांनी सोप्या, दमदार हिंदुस्तानीत उभा केला. पुढे 'आरजू' (१९६५), 'आँखें' (१९६८) हे स्वतःच्या संस्थेचे चित्रपट आले. निर्माता वाढत गेला, लेखक मागे सरकला.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर चालली. तिची संथ लय कीर्तनाची आहे. एकच प्रसंग चार चेहऱ्यांवरून फिरतो. ही लय सागरांना नेमकी सापडली होती, हे मान्य केले पाहिजे. संस्कृतप्रचुर भाषेबद्दलही आमची तक्रार नाही. 'महाभारत' मालिकेसाठी राही मासूम रझांनीही तशीच भाषा घडवली, आणि त्याचा आपल्याला अभिमानच वाटतो. आमची तक्रार वेगळी आहे. जिथे कथेत प्रश्न उभा राहतो, तिथे सागर तो मिटवून टाकतात. अग्निपरीक्षा आली की खरी सीता आधीपासून अग्नीकडेच होती, हा तुलसीदासांचा आधार पुढे येतो. 'उत्तर रामायणा'त सीता स्वतःच वनवासाचा निर्णय घेते. श्रद्धावान प्रेक्षकाला यातून दिलासा मिळत असेल. पण १९४८ साली ज्याने कुणालाच दिलासा दिला नव्हता, त्या लेखकाचे काय झाले?

१९९१ च्या निवडणुकीत मालिकेतील सीता आणि रावण साकारणारे दोघेही भाजपचे खासदार झाले. याचे सारे खापर सागरांवर फोडणे आम्हाला पटत नाही. देशभर पोचणारी वाहिनी तेव्हा सरकारचीच होती, आणि मालिका दाखवण्याचा निर्णयही तिचाच होता.

'अलिफ लैला' आली १९९३ मध्ये. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबई पेटली होती. या मालिकेत उर्दू परत आली, सुलतान आले, जिन्न आले, सिंदबाद आला. मुस्लिम घरांत ती आवडीने पाहिली गेली, आणि का पाहू नये? मात्र पडद्यावरचा मुसलमान आता बगदादच्या गोष्टीतला होता, जादूच्या दिव्यासकट. लाहोरच्या गल्लीत ज्याच्याशी दुआ-सलाम होता, तो शेजारी सागरांच्या मालिकांत आम्हाला भेटला नाही. २००५ मध्ये सागर गेले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्यांच्यावर बरेच लिहून आले. आमच्या वाचनात जे आले, त्यात कादंबरीचा उल्लेख क्वचितच होता.