कटऑफ नेमके काय मोजतो?

दहावीचा निकाल लागला की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील घराघरांत एका यादीचा अभ्यास सुरू होतो. ही यादी असते अकरावीच्या कटऑफची, म्हणजे गेल्या वर्षी कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयात शेवटचा प्रवेश किती टक्क्यांना मिळाला याची. यादीत जे वर ते चांगले, जे खाली ते त्याहून कमी, असा सरळ हिशेब मांडून ऑनलाइन अर्जातील पसंतीक्रम भरले जातात. पसंती जास्तीत जास्त दहा देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. इतका महत्त्वाचा निर्णय ज्या आकड्याच्या आधारे घ्यायचा, तो आकडा नेमके काय मोजतो हे मात्र क्वचितच विचारले जाते.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा. कोणतेही उपकरण हाती घेण्यापूर्वी ते काय मोजते, त्याचे लघुतम माप किती आणि त्यात त्रुटी कोणती हे पाहावे, असे आपणच विद्यार्थ्यांना शिकवतो. कटऑफच्या मोजपट्टीलाही हीच कसोटी लावून पाहू.

आकडा कसा तयार होतो?

कटऑफ महाविद्यालय ठरवत नाही. अर्ज किती आले आणि जागा किती होत्या यावरून तो आपोआप ठरतो. दोन महाविद्यालयांना सारखीच मागणी असेल, पण एकात १२० जागा आणि दुसऱ्यात ६०० जागा असतील, तर पहिल्याचा कटऑफ वर जाणार. त्याचा अध्यापनाशी काही संबंध नाही.

कोट्यांचा परिणाम तर त्याहून मोठा आहे. भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा त्या समाजासाठी असतात. शिवाय संस्थांतर्गत कोटा १० टक्के आणि व्यवस्थापन कोटा ५ टक्के. समजा, अशा संस्थेत १२० जागा आहेत. त्यांपैकी ६०, १२ आणि ६ अशा ७८ जागा बाजूला गेल्या की उरतात ४२. रिकाम्या राहिलेल्या कोट्याच्या जागा पुढे खुल्या होऊ शकतात, पण पहिल्या फेरीचा कटऑफ या ४२ जागांवर ठरतो. तो ९३ टक्के आला तर पालक म्हणतात, "तिथे ९३च्या खाली कोणी नसतो." प्रत्यक्षात वर्गात ६५ टक्क्यांचेही विद्यार्थी बसलेले असू शकतात. एका छोट्या गटाच्या तळाचा आकडा आपण साऱ्या वर्गाचा, किंबहुना साऱ्या संस्थेचा म्हणून वाचतो.

आता लघुतम माप पाहू. 'बेस्ट फाइव्ह' पद्धतीत एकूण गुण ५००. म्हणजे ९१.८ टक्के आणि ९२.२ टक्के यांत अंतर अवघ्या दोन गुणांचे. एकच उत्तरपत्रिका दोन प्रामाणिक परीक्षकांनी तपासली तरी दोन गुणांचा फरक पडू शकतो, हे शिक्षकांना सांगायला नको. ज्या मोजमापाची त्रुटीच दोन गुणांची, त्याच्या आधारे दोन गुणांच्या फरकाला 'यश' आणि 'अपयश' म्हणायचे हे भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रयोगातही चालणार नाही.

शेगडीची परीक्षा

मुख्य आक्षेप पुढेच आहे. पातेल्यातील पाण्याचे अंतिम तापमान ८० अंश आहे एवढ्यावरून शेगडीने किती उष्णता दिली हे सांगता येत नाही. पाणी किती होते आणि सुरुवातीला किती अंशांवर होते हे कळायला हवे. ७५ अंशांवरचे पाणी ८० अंशांवर नेणाऱ्या शेगडीपेक्षा, तेवढेच पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेणाऱ्या शेगडीने कितीतरी अधिक काम केलेले असते. महाविद्यालयाच्या बारावीच्या निकालाचे तसेच आहे. निवडून घेतलेले विद्यार्थी निवडल्यासारखेच गुण मिळवतात. त्यांत महाविद्यालयाचा वाटा किती हे नुसत्या निकालावरून कळत नाही. आणि कटऑफ तर अंतिम तापमानही नव्हे! ते पातेले शेगडीवर ठेवण्यापूर्वीचे तापमान. त्यावरून शेगडीची परीक्षा करणे म्हणजे कमालच झाली.

तरीही हा आकडा टिकून राहतो, याचे कारण तो स्वतःलाच पोसतो. कटऑफ वर म्हणून मागणी अधिक, मागणी अधिक म्हणून कटऑफ आणखी वर. सभागृहात ध्वनिवर्धकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की कर्कश शिट्टी वाजू लागते. ती वक्त्याच्या भाषणाचा गुण सांगत नाही.

या प्रश्नाची पद्धतशीर तपासणीही झालेली आहे. २०१४ साली अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेशरेषेच्या किंचित वर असलेले आणि किंचित खाली राहिलेले विद्यार्थी कुवतीने जवळजवळ सारखेच असतात. नशिबाने मात्र एक गट नामांकित शाळेत जातो आणि दुसरा जात नाही. म्हणजे निसर्गानेच मांडलेला प्रयोग. या दोन गटांच्या पुढील परीक्षांतील कामगिरीत नामांकित शाळेमुळे पडलेला फरक फारच थोडा आढळला. त्याआधी २००२ साली डेल आणि क्रूगर यांनी अमेरिकेतील महाविद्यालयांविषयी असेच पाहिले होते. नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळत असूनही दुसरीकडे गेलेल्यांची पुढील कमाई, तेथे गेलेल्यांच्या तोडीचीच होती.

हे निष्कर्ष जसेच्या तसे मुंबईला लावता येणार नाहीत. शिवाय डेल आणि क्रूगर यांना एक महत्त्वाचा अपवादही आढळला होता: गरीब घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांना नामांकित महाविद्यालयाचा लाभ झाला होता. ज्याच्या घरी मार्ग दाखवणारे कोणी नाही, त्याला चांगल्या सोबतीचा आणि ओळखींचा उपयोग अधिक होतो, असा याचा एक अर्थ लावता येईल. म्हणजे "चांगल्या कॉलेजात चांगली मुले भेटतात" हे पालकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण मुले भेटायची तर वर्ग भरले पाहिजेत. तेथेच आजची खरी अडचण आहे.

वाद गुणांचा, विसर शिक्षणाचा

गेल्या दोन दशकांतील अकरावी प्रवेशाचे वाद आठवून पाहावेत. २००८ साली वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांचा मेळ घालणारे पर्सेंटाइल सूत्र आले आणि उच्च न्यायालयात रद्द झाले. २००९ साली राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा ठेवण्याचा निर्णय आला. तोही रद्द झाला. त्याच वर्षी मुंबईत केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. २०१० साली 'बेस्ट फाइव्ह'चा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तेथे ती पद्धत टिकली. २०२५ पासून ऑनलाइन प्रक्रिया साऱ्या राज्याला लागू झाली. इतक्या वर्षांत इतके खटले, इतके शासननिर्णय झाले, पण सगळा वाद कोणाचे गुण कसे धरायचे याचा. प्रवेशानंतर दोन वर्षे त्या इमारतीत काय शिकवले जाते, याविषयी कोणी तेवढ्या हिरिरीने भांडले नाही.

दरम्यान अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेश सीईटी, जेईई, नीट या परीक्षांवर अवलंबून राहू लागले आणि विज्ञान शाखेतील अनेक वर्ग ओस पडले. सकाळ-संध्याकाळ खासगी क्लास, आणि महाविद्यालयात नाव केवळ बारावीच्या अर्जापुरते. काही ठिकाणी तर क्लास आणि महाविद्यालय यांनी संधानच बांधले. त्याला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव मिळाले. २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली, यावरून दुखणे किती जुने झाले होते याची कल्पना येते. म्हणजे ९३ टक्क्यांचा कटऑफ पार करायचा, आणि मग तेथे जायचेच नाही!

यात सर्वांत मोठे नुकसान होते ते प्रयोगांचे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. बहुपर्यायी प्रवेशपरीक्षेत मात्र ब्युरेट हातात धरावे लागत नाही. मग प्रयोगवही एकमेकांची पाहून लिहिली जाते. निरीक्षणे आधी उत्तर पाहून 'बसवली' जातात. पुढे हेच विद्यार्थी संशोधनासाठी आमच्यासारख्यांकडे येतात, तेव्हा सूत्रे तोंडपाठ असतात, पण अपेक्षेबाहेरचे वाचन आले की ते खोडून टाकावे असे त्यांना वाटते. विज्ञानात नवे काही सापडते ते बहुधा अशाच वाचनातून. कोणत्याही कटऑफने ही उणीव भरून निघत नाही.

अंतराची किंमत

उपनगरांच्या बाबतीत आणखी एक हिशेब मांडायला हवा. एके काळी महाविद्यालयासाठी उपनगरातील मुलांना शहरात जावे लागे. मग अंधेरीला १९४६ साली भवन्स, पार्ल्याला १९५९ साली पार्ले कॉलेज (आताचे साठ्ये), घाटकोपरला १९६३ साली झुनझुनवाला, मुलुंडला १९८४ साली वझे महाविद्यालय सुरू झाले. कोणी धडपड करून महाविद्यालय घराजवळ आणले. आज दोन टक्क्यांच्या फरकासाठी मुले पुन्हा लोकलच्या गर्दीत दूरवर निघतात.

घरापासून वर्गापर्यंत एका वेळेस सव्वा तास धरला, तर दिवसाला अडीच तास होतात. वर्षाला २०० दिवस धरले तर ५०० तास. रोज पाच तास अभ्यास करणाऱ्याचे हे १०० दिवस झाले. त्यात दारात लटकून केलेला प्रवास, त्यातला जिवाचा धोका आणि संध्याकाळचा थकवा धरलेला नाही. दूर जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून पश्चिम आणि मध्य मार्गांवरची महाविद्यालये एकमेकांच्या आवाक्यात आली आहेत. पण ५०० तासांच्या बदल्यात काय मिळणार, हे विचारूनच जावे.

मग विचारावे काय?

महाविद्यालयाची परीक्षा करणारे प्रश्न साधे आहेत. गेल्या वर्षी प्रत्येक विषयाचे किती प्रयोग प्रत्यक्ष झाले? एका टेबलावर किती विद्यार्थी असतात? पूर्णवेळ शिक्षक किती आहेत? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि पुस्तके हाताळू देतात का? मिळणारी जागा अनुदानित तुकडीतली की विनाअनुदानित, आणि शुल्क किती? दहावीला ७० ते ८० टक्के मिळवून आलेल्यांना बारावीला काय मिळाले? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण शेगडीची उष्णता तेथेच मोजली जाते. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशापूर्वी एका पानावर जाहीर करावी, अशी सक्ती शासनाने केली तर ती बायोमेट्रिक यंत्रापेक्षा अधिक गुणकारी ठरेल.

तोपर्यंत शाळांना बरेच काही करता येईल. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना बोलवावे आणि नववी-दहावीच्या मुलांनी त्यांना वरील प्रश्न विचारून तक्ता तयार करावा. तीन-चार वर्षांत परिसरातील महाविद्यालयांची जी माहिती जमा होईल, ती कोणत्याही कटऑफच्या यादीहून उपयोगी असेल. शिवाय माहिती गोळा करणे, वर्गवारी करणे, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे ठेवणे हे विज्ञानाचे शिक्षण आयतेच होईल.

आणि प्रवेश मिळाल्यावर? महाविद्यालय मध्यम असले तरी तेथील प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि एखादा तळमळीचा शिक्षक ही तीन साधने बहुधा असतातच. अनेकदा ती वापरणाऱ्याची वाट पाहत असतात. प्रयोग स्वतः करावा आणि चुकलेले वाचन वहीत तसेच ठेवून त्याचे कारण शिक्षकांना विचारावे. तिघा-चौघांनी मिळून आठवड्यातून एकदा एकमेकांना एक धडा शिकवावा. महाविद्यालयाबाहेरही पाहावे: अंधेरीला गिल्बर्ट हिल हा सुमारे साठ मीटर उंचीचा बसाल्टचा स्तंभमय कडा आहे, डायनासोरांच्या अखेरच्या काळातील ज्वालामुखीची साक्ष; बोरिवलीला राष्ट्रीय उद्यान; मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र; चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद. यांपैकी कोठेही जाताना दहावीचे गुण विचारले जात नाहीत.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला दोन गुणांवरून 'तुझे कॉलेज हुकले' असे सांगितले की तो स्वतःलाच कमी लेखू लागतो, आणि ती समजूत पुढे कित्येक वर्षे त्याच्याबरोबर राहते. ती एका सदोष मोजपट्टीवरून झालेली आहे, हे त्याला समजावून सांगणे वर्गशिक्षकाला सहज शक्य आहे. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात देताना एवढे दोन शब्द अवश्य बोलावेत.