संसारातले सुख आणि मराठी साहित्य : ग्वाल्हेरच्या वाटेने

कौटुंबिक जीवनाची सुखदुःखे मराठी साहित्यात विपुल आली आहेत. परंतु दुःख रंगवण्यात मराठी लेखणी जितकी तरबेज झाली तितकी सुख रंगवण्यात झाली नाही, असे हा सारा प्रवाह न्याहाळल्यावर मान्य करावे लागते. जात्यावरच्या ओवीत भावाची वाट पाहणे आणि सासुरवास सोसणे ही दोन्ही एकाच दळणात पडत होती. आधुनिक गद्यात मात्र हे दोन पदर सुटे झाले, कारण मराठी कादंबरी समाजसुधारणेच्या चळवळीबरोबर वाढली आणि कुटुंब तिच्यात प्रथम शिरले ते आरोपी म्हणून. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागली. यमूने स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या या कहाणीत सुखाचा एक तुकडा आहे, पण तो नवऱ्याबरोबर मुंबईला वेगळे बिऱ्हाड केल्यानंतरचा. म्हणजे सुख लाभते ते एकत्र कुटुंबाच्या बाहेर पडल्यावर, आणि नवरा जाताच ते कुटुंब तिला पुन्हा ताब्यात घेते. ही मांडणी त्या काळी खरी होती व आवश्यकही होती. तिचा परिणाम मात्र असा झाला की घरातल्या दुःखाला कारणे असतात, म्हणून त्याची कथा होऊ शकते, आणि सुखाला कारण नसते, म्हणून त्याची कथा होत नाही, असा एक अलिखित संकेत गद्यलेखनात रुजला.

हा संकेत ज्याने मोडला तो कवी पुण्या-मुंबईचा नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१) ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीस जन्मले, मध्य भारतातल्या निरनिराळ्या संस्थानांत त्यांनी नोकऱ्या केल्या, ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून ते ओळखले गेले आणि ग्वाल्हेरलाच निवर्तले. त्यांच्या अनेक कवितांखाली रागाचे नाव आणि ‘लष्कर, ग्वाल्हेर’ हे ठिकाण नोंदलेले आढळते. लष्कर म्हणजे शिंद्यांच्या फौजेच्या तळावर वसलेले नवे शहर. सरदार, कारकून, पुराणिक, गवई अशी मराठी घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे याच वस्तीच्या आश्रयाने बहरले. तांब्यांची कविता गाण्याच्या अंगाने येते ती या शेजारामुळे, असे मानण्यास जागा आहे.

तांब्यांचे प्रेमगीत बहुतांशी विवाहित प्रेमाचे गीत आहे. संस्कृत साहित्यात ज्याला गार्हस्थ्य म्हणतात, म्हणजे घर करून राहण्याचा आश्रम, त्याला त्यांनी प्रणयाची प्रतिष्ठा दिली आणि त्यासाठी ‘नाट्यगीत’ हा प्रकार हाताळला. नाट्यगीत म्हणजे कवीने स्वतःच्या नव्हे, तर एखाद्या पात्राच्या तोंडून एका विशिष्ट प्रसंगी बोललेले गीत. सासरी निघालेली नववधू पुढे पाऊल टाकताना बावरते, या त्यांच्या प्रसिद्ध गीतात नवरा हाच आपला आधार हे तिला कळते, तरी जवळ जायला मन धजत नाही. याच गीताचा दुसरा अर्थ जीव आणि मृत्यू यांच्या भेटीचा लावला जातो. तो अर्थ वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही, कारण लग्नघरातल्या सुखात असलेली ताटातूट मराठी घराला ओवीपासूनच ठाऊक होती. वसंत प्रभू यांच्या चालीत लता मंगेशकरांनी ते गायिले, तेव्हा ग्वाल्हेरपासून दूर असलेल्या घराघरांत ते रेडिओवरून पोचले आणि ऐकणाऱ्या बायकांना त्याचा पहिला अर्थच पुरेसा झाला.

तांब्यांचे वेगळेपण कळण्यासाठी निजलेल्या मुलाच्या तीन कविता शेजारी ठेवून पाहाव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवी दत्त यांनी लिहिलेल्या अंगाईगीतात आई मोडकळीस आलेल्या घरात बाळाला निजवते आहे, आणि तिच्या प्रत्येक आश्वासनामागे दारिद्र्य उभे आहे. गोविंदाग्रजांच्या कवितेतली आई मृत बाळाला निजलेले समजते आणि त्याला हलवू देत नाही. या दोन्ही कविता काळीज चिरतात, आणि दोन्हींचा जोर दुःखावर आहे. तांब्यांच्या कवितेत यांपैकी काहीच घडत नाही. तान्हे पदराखाली निजले आहे, आई त्याच्यावर नजर लावून बसली आहे, आणि झोपेतल्या मुलाला सटवाई हसवते या घरगुती समजुतीप्रमाणे त्याच्या गालावर खळी उमटते. एवढ्यावर कविता उभी राहते, आणि शेवटी कवी विचारतो की जगाची आईदेखील झोपलेल्या आपल्याकडे अशीच पाहत असेल का. सुखाला कारण द्यावे लागत नाही, ते नुसते पाहता येते, आणि पाहणाऱ्याच्या मनात काळजी असते म्हणूनच ते सुख ठरते, हे या लहानशा गीताने दाखवून दिले. मराठी कथात्म गद्याने हा धडा गिरवला असता, तर त्याचे स्वरूप आज पुष्कळ निराळे असते.

या कवितेची मर्यादाही सांगितली पाहिजे. तांब्यांच्या घरात धान्याची ददात नाही, रांधणाऱ्या हातांना तेथे क्वचितच चटका बसतो, आणि स्त्री बहुधा सखी किंवा माउली या रूपातच दिसते. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा चुलीशी होरपळलेले हात आणि त्याच हातांनी कमावलेली भाकरी यांचा हिशेब कवितेत प्रथमच इतक्या चोख रीतीने मांडला गेला. गद्यात हा तोल एकाच पुस्तकाने पूर्णपणे साधला. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. वडिलांच्या सोवळ्यापायी मीठ-साखरेपर्यंत सारे धुतले जाणारे माहेर, पुढे पती टिळकांच्या धर्मांतरामुळे पडलेला विरह आणि नवऱ्याशी झालेली भांडणे त्यांनी अशा स्वरात सांगितली की हसू आणि हुंदका वेगळे काढता येत नाहीत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’लाही वाचकांचे अपार प्रेम लाभले, तेथे मात्र सुख संस्काराच्या कामाला जुंपलेले आहे.

१९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. संमेलनाच्या अध्यक्षपदी स्त्री येण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याच वर्षी त्यांचे निधनही झाले. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहून त्यांनी गद्याची झडती घेतली होतीच, पण या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या कथा अधिक मोलाच्या आहेत. ‘दीपकळी’, ‘मोळी’ यांसारख्या संग्रहांत घटना थोडी आणि भाववृत्ती, म्हणजे मनाची त्या क्षणीची लय, अधिक असते. तांब्यांनी कवितेत जे साधले ते गद्यात आणण्याची वाट तेथे दिसू लागली होती. पुढची कथा त्या वाटेने फार दूर गेली नाही, हे या प्रांताचे नुकसान होय.

कुसुमावतींच्या या कथांनंतरच्या साहित्याने दुःखाची कारणे अधिक खोलवर शोधली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचा संसार गरिबीत करपतो, तर ‘बलुतं’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ यांनी घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली जात दाखवली. या पुस्तकांपुढे सुखाची मागणी करणे असभ्यपणाचे ठरेल. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) मात्र एक प्रसंग असा आहे की तेथे थांबावेच लागते. कर्जात बुडालेल्या देशपांड्यांच्या वाड्यात एका रात्री थोरली सून घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला साधारण उमगलेले असते. तरी त्या घटकेपुरती ती त्या घरातल्या सगळ्या गेलेल्या सुनांसह उभी राहते. कोसळत्या घरातले हे सुख खोटे नाही, आणि नाटककाराने त्याला खोटे ठरवलेलेही नाही.

ग्वाल्हेरच्या बाजूने पाहता एक उणीव ठळक दिसते. बृहन्महाराष्ट्रातले, म्हणजे महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसांचे घर मराठी कथा-कादंबरीत फार थोडे आले आहे. गजानन माधव मुक्तिबोध ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपुरात १९१७ साली मराठी कुटुंबात जन्मले. आर्थिक ओढग्रस्तीत नवरा-बायकोच्या मनावर साचणारे मळभ त्यांनी ‘काठ का सपना’सारख्या कथांत उतरवले, पण हिंदीत. त्याच साली ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहीत राहिले. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले आणि त्यांच्या ‘क्षिप्रा’ (१९५४) या कादंबरीतून माळव्यातले मराठी जीवन आले. एकाच घरातले दोन भाऊ दोन भाषांत लिहितात, ही केवळ चरित्रातली गंमत नव्हे; स्वयंपाकघरात मराठी आणि ओसरीवर हिंदी असलेल्या घराचे दुःख कोणत्या भाषेत सांगायचे, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष उभा होता. आज लष्करातल्या जुन्या मराठी घरांत आजी मराठीत विचारते आणि नात हिंदीत उत्तर देते, आणि त्या दोघींत प्रेमाची काही उणीव नसते. भाषा सुटत असतानाही टिकून राहणारी ही माया, आणि तिच्यात मुरलेली हळहळ, मराठी कथेने अजून पुरती लिहिलेली नाही.