समुद्राच्या मिठाची साक्ष

समुद्र खारट का, हा प्रश्न जितका जुना, जवळजवळ तितकाच त्या खारटपणावरून पृथ्वीचे वय काढण्याचा मोहही जुना आहे. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, त्या एडमंड हॅली यांनी १७१५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याच विषयावर एक छोटेखानी निबंध लिहिला. १८९९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जॉन जोली यांनी तोच धागा पुढे नेला. आणि १९९० साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे सृष्टिनिर्मितीच्या शब्दशः अर्थाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या परिषदेत स्टीव्हन ऑस्टिन व रसेल हम्फ्रीज यांनी 'समुद्राचे हरवलेले मीठ' अशा आशयाचा प्रबंध वाचला. या तीन लेखनांचा येथे एकत्र विचार करण्याचे कारण असे, की तिसऱ्यातील युक्तिवाद धर्मरक्षणाचे शस्त्र म्हणून पुस्तिकांतून आजही फिरत असतो. ते शस्त्र हाती धरण्याजोगे आहे काय, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी तपासून घ्यावे असे आम्हांस वाटते.

हॅलींचा निबंध आम्हांस तिन्हींत श्रेष्ठ वाटतो, आणि त्याचे कारण थोडे विचित्र आहे: त्यात उत्तरच नाही. नद्या जमिनीवरील क्षार वाहून आणतात, पाण्याची वाफ होऊन ते वर जाते, क्षार मात्र मागे उरतो. कॅस्पियनसारखी ज्यांना बाहेर वाट नाही ती सरोवरे म्हणूनच खारट, असे त्यांचे प्रतिपादन. तेव्हा आज समुद्राचा खारटपणा मोजून ठेवावा, काही शतकांनी पुन्हा मोजावा आणि वाढीवरून मागचा हिशेब करावा. प्राचीन ग्रीकांनी व रोमनांनी असे माप नोंदवून ठेवले असते तर किती बरे झाले असते, अशी हळहळही ते व्यक्त करतात. जग अनादी आहे म्हणणाऱ्यांना उत्तर द्यावे हा त्यांचा हेतू होता. पण ते लोक समजतात त्याहून पुष्कळ जुने निघेल, ही शक्यताही त्यांनी प्रांजळपणे मांडून ठेवली.

जोलींना थांबायचे नव्हते. त्यांनी समुद्रातील एकूण सोडियम घेतले, नद्या दरवर्षी किती आणतात तो आकडा घेतला आणि एकाला दुसऱ्याने भागले. उत्तर आले सुमारे नऊ कोटी वर्षे. त्या काळी लॉर्ड केल्व्हिन पृथ्वीला दोन ते चार कोटींपलीकडे वय द्यायला तयार नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे जोलींचा आकडा किती उदार होता ते कळते. त्याच ट्रिनिटी कॉलेजच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते आर्चबिशप जेम्स अशर. त्यांनी १६५० साली जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये ठरविला होता. एकाच विद्यालयाने जगाला दोन वये दिली म्हणायची.

जोलींच्या हिशेबातील दोष समजून घ्यायला दूर जाण्याची गरज नाही. लोणावळ्याजवळच्या वलवणच्या तलावाकाठी उभे राहिले तरी पुरे.

टाटांच्या जलविद्युत योजनेतील हे धरण. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. इंद्रायणीच्या खोऱ्यातील जे पाणी निसर्गक्रमाने भीमेला, मग कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरी गेले असते, ते येथे अडवून घाटाखाली सोडले जाते, आणि वीज देऊन झाल्यावर पाताळगंगेवाटे धरमतरच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. आता कोणी या तलावातील आजचे पाणी मोजले, एका पावसाळ्यात किती पाणी येते ते मोजले आणि भागाकार केला, तर उत्तर काही थोड्या महिन्यांचे, फार तर वर्षाचे येईल. म्हणून धरण गेल्या वर्षी बांधले असे कोणी म्हणेल काय? पाणी येते तसे जातेही. तो भागाकार सांगतो ते पाण्याच्या एका थेंबाच्या मुक्कामाचे सरासरी माप. तलावाचे वय नव्हे. जोलींनी समुद्राच्या बाबतीत नेमके हेच केले. सोडियमचा एक कण समुद्रात साधारणपणे किती काळ राहतो, याचे त्यांचे उत्तर आजही फारसे चुकीचे ठरत नाही. चुकले ते त्या उत्तराला दिलेले नाव.

मीठ समुद्रातून जाते कोठे, हेही मावळातच दिसते. लोणावळ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो आणि लाटांच्या तुषारांतील क्षार बरोबर घेऊन येतो. तेव्हा येथील ओढ्यांतील काही सोडियम सह्याद्रीच्या खडकाचे नसून समुद्राचेच, परत निघालेले असते. जोलींना हे ठाऊक होते. त्यांनी सुमारे दहा टक्के वजावट केली होती. परंतु मोठ्या वाटा त्यांच्या नजरेतून सुटल्या. पेण-उरणच्या मिठागरांत आपले आगरी बांधव उन्हाळ्याच्या काही महिन्यांत जे करतात, ते निसर्गाने प्रचंड प्रमाणावर केलेले आहे. सुमारे ५९ ते ५३ लक्ष वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र जवळजवळ आटला, आणि त्याच्या तळाशी मिठाचे थर साचले ते काही ठिकाणी एक किलोमीटरहूनही जाड. १९७० साली 'ग्लोमार चॅलेंजर' या जहाजाने समुद्रतळ खोदला तेव्हा हा पुरावा हाती आला. आणखी घरगुती उदाहरण हवे तर सैंधवाचे घ्यावे. उपवासाच्या पदार्थांत आपल्या शेजारणी जे मीठ घालतात ते मूळचे पंजाबातील मिठाच्या डोंगरांचे, आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याचे. ते पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे मीठ आहे. समुद्राला नऊ कोटींचे वय देणाऱ्या सिद्धान्ताला स्वयंपाकघरातील एक खडा पुरेसा आहे!

समुद्राच्या तळाशी, जेथे नवा बेसॉल्ट वर येतो, तेथे तापलेल्या खडकांतून समुद्राचे पाणी फिरते आणि काही सोडियम त्या खडकातच अडकून पडते. असे उष्ण झरे १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ प्रथम प्रत्यक्ष पाहिले गेले. सह्याद्रीचा बेसॉल्ट झिजून सोडियम देतो, त्याच जातीचा समुद्रतळाचा खडक ते परत घेतो, हा देवघेवीचा व्यवहार आम्हांस मोठा रम्य वाटतो.

आता १९९० च्या प्रबंधाकडे वळू. ऑस्टिन व हम्फ्रीज जोलींहून सावध आहेत, हे मान्य केले पाहिजे. मीठ बाहेर जाण्याच्या वाटा त्यांनी मोजल्या. मात्र आमच्या मते हात आखडून मोजल्या. येणे अधिक, जाणे कमी, म्हणून समुद्र फार तर ६ कोटी २० लक्ष वर्षांचा असू शकेल, असा त्यांचा निष्कर्ष. येथे दोन गोष्टी कोणाही वाचकाच्या ध्यानात याव्यात. पहिली ही, की ज्यांना सहा-सात हजार वर्षे सिद्ध करावयाची आहेत त्यांच्या हाती सहा कोटींचा आकडा आला. तो त्यांच्या मताचा पुरावा मुळीच नव्हे. दुसरी अशी, की हीच रीत ॲल्युमिनियमला लावली तर समुद्राचे वय अवघी काही शतके निघते, कारण ॲल्युमिनियम समुद्रात पोहोचताच गाळाला चिकटून तळाशी जाते. म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर आले ते कोणत्या समुद्रावरून? सोयीचे मूलद्रव्य निवडायचे आणि गैरसोयीचे वगळायचे, याला आम्ही शोध म्हणू शकत नाही.

वलवणच्या पायाखालचा खडकही या निष्कर्षाला मान्यता देत नाही. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या प्रबंधातील समुद्राहून वडील. किरणोत्सर्गावर आधारलेला हा आकडा ज्यांना मान्य नसेल त्यांनी वर्षे क्षणभर बाजूला ठेवावीत. नर्मदेच्या खोऱ्यात बाघ येथे याच बेसॉल्टच्या खाली चुनखडीचे थर आहेत आणि त्यांत सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. समुद्र आधी, सह्याद्री नंतर.

हा थरांचा नियम १६६९ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या ग्रंथात मांडला तो निकोलस स्टेनो यांनी. मूळचे डेन्मार्कचे लूथरपंथीय. १६६७ साली त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, पुढे ते बिशप झाले आणि १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्यवादित' घोषित केले. भूगर्भशास्त्राच्या पायाभरणीत आपल्या वेदीवरचा एक माणूस आहे, हे आपल्या घरांतून फारसे सांगितले जात नाही याची आम्हांस खंत वाटते. संत ऑगस्टीन यांनी तर उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात स्पष्ट इशारा दिला होता, की ख्रिस्ती माणसाने निसर्गाविषयी शास्त्रवचनांच्या नावाने चुकीचे बोलून जाणत्या परधर्मीयांपुढे हसे करून घेऊ नये. पोप बारावे पायस १९५१ साली परमगुरुपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलले तेव्हा त्यांची भाषा अब्जावधी वर्षांचीच होती. कॉलेजात भूशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलाला घरच्या पुस्तिकेतील मिठाचा पुरावा खोटा निघाल्याचे कळते, तेव्हा तो पुस्तिका टाकतो. तिच्याबरोबर आणखी काय टाकील याची काळजी पुस्तिकाकारांना असावी अशी आमची अपेक्षा आहे.

पृथ्वीचे वय अखेर मिठाने सांगितले नाही. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणांतील शिशावरून ते सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले आणि आजचा आकडा त्याला अगदी लागून आहे. हॅलींच्या प्रयोगाचे काय झाले असते, तेही आज सांगता येते. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतो. नद्यांनी आणलेले सारे मीठ समुद्रातच राहिले असते, एक कणही बाहेर गेला नसता, तरी ग्रीकांच्या काळापासूनच्या दोन हजार वर्षांत त्या ३५ ग्रॅममध्ये पडलेली भर एका ग्रॅमचा सुमारे एक हजारावा भाग भरली असती. ग्रीकांनी माप नोंदवून ठेवले असते, तरी त्यांच्या कोणत्याही तराजूला ती दिसली नसती.